पुढच्या सिम्सकडून तुम्हाला खरंच काय हवंय?

मीठमसाला
मी सिम्स २, म्हणजे कॉम्प्युटरवर सिम नावाच्या माणसांचा घरसंसार चालवायचा तो गेम, पहिल्यांदा खेळले मामाच्या घरी, २००५ च्या मे महिन्याच्या सुट्टीत. चार सीड्या होत्या, आणि मामेभाऊ घड्याळ लावून बसायचा, एक तास झाला की ऊठ. मग सिम्स ३ आला, मग ४, आणि आता दहा-अकरा वर्षं झाली तरी ४ च चालूए. २०२२ ला कंपनीने प्रोजेक्ट रेने नावाचा नवा सिम्स दाखवला तेव्हा आम्ही सगळे नाचलो की आला ५, पण नंतर २०२४ ला सांगून टाकलं की जुन्याची जागा घेणारा सिम्स ५ वगैरे काही नाही, ४ मध्येच भर घालत राहू.

तर गेल्या आठवड्यात मी ते जुन्या सिम्स २ चं लेगसी कलेक्शन घेतलं, जे पहिल्या सिम्सला २५ वर्षं झाली म्हणून २०२५ च्या जानेवारीत काढलं होतं. आणि हेडमास्तरांचा प्रसंग पुन्हा खेळले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुलाला प्रायव्हेट शाळेत घालायचं असेल तर हेडमास्तरांना घरी बोलवायचं, घर फिरवून दाखवायचं, जेवायला वाढायचं, गोड गोड बोलायचं, आणि त्या सगळ्याचे मार्क पडतात. अगदी आपला कांदेपोह्यांचा कार्यक्रम. माझ्या बाईला स्वयंपाक येत नव्हता तरी मी हौसेने अवघड पदार्थ लावला, ओव्हनने पेट घेतला, हेडमास्तर किचनच्या दारात उभे राहून किंचाळतायत आणि पोरगं होमवर्क बाजूला टाकून आग बघायला आलंय. अॅडमिशन गेली अर्थात. मी एकटीच रात्री साडेबाराला खोखो हसतेय, नवरा झोपेतून विचारतोय काय झालं.

असं ४ मध्ये मला शेवटचं कधी झालं ते आठवतच नाही. घरं सुंदर बांधता येतात, केस सुंदर, सगळं गुळगुळीत, पण बायको मेली की दोन-तीन दिवस सॅड आणि मग गडी टीव्हीसमोर नाचायला मोकळा. तुम्हाला पुढच्यात काय हवंय? ग्राफिक्स सोडून सांगा, ते सगळेच सांगतात.

चाळ_नंबर_पाच
एका घरात आठच्या वर माणसं. बास, माझी एवढीच मागणी आहे.
अहो मी हौसेने एकत्र कुटुंब केलं, आजी-आजोबा, दोन भाऊ, दोन सुना, मोठीचा एक मुलगा एक मुलगी. झाले आठ. आता धाकटीला ट्राय फॉर बेबी, म्हणजे मूल होऊ द्यायचा पर्याय, काही करता येईना, अर्धा तास मला वाटत होतं बग आहे. बग कसला, घर फुल्ल. म्हणजे धाकट्या सुनेला मूल हवं असेल तर आधी आजोबांनी जायला पाहिजे, हे फारच झालं की हो! आमच्या सांगलीच्या घरी दिवाळीला सतरा माणसं असतात आणि संडास दोन. सिम्सना अजून खरा गोंधळ माहीतच नाही.
आणि दुसरं म्हणजे शेजार. ४ च्या सिटी लिव्हिंग या वेगळ्या विकत घ्यायच्या पॅकमध्ये अपार्टमेंट दिले, वरचा आवाज करतो तर जाऊन दार बडवायचं, ते मला जाम आवडलं होतं. फॉर रेंट पॅकमध्ये एकाच प्लॉटवर बिऱ्हाडंही ठेवता येतात आता. पण वाटीभर साखर मागायला आलेली बाई तासभर उंबऱ्यात उभी राहून तिसऱ्याच घराची बातमी सांगते आणि ती बातमी पुढे फिरते, ते कुठाय?

रॅम_पुरेना
मला ओपन वर्ल्ड, म्हणजे अख्खं गाव सलग उघडं, परत पाहिजे. ३ मध्ये पोरगी सायकल काढून शाळेत जायची तर मी कॅमेऱ्याने मागे मागे पूर्ण गावातून जायचो, लोडिंग नाही काही नाही. ४ मध्ये शेजारच्या घरात जायचं तरी लोडिंग स्क्रीन, चार पावलं आहेत फक्त!! आणि मुख्य म्हणजे ३ मध्ये आपण न बघता शेजारी लग्न करायचे, नोकरी बदलायचे, गाव सोडून जायचे. एकदा माझ्या सिमची शाळेतली मैत्रीण मी विसरूनच गेलो होतो, नंतर पार्कात दिसली तर म्हातारी झालेली. चर्र झालं हो.
पण खरं सांगायचं तर ३ माझ्या तेव्हाच्या मशीनवर रडत रडत चालायचा, सेव्ह मोठी झाली की क्लिक केल्यावर चहा करून यायचं. म्हणून ४ मध्ये त्यांनी जग तुकड्यात कापलं ते मला अगदीच कळत नाही असं नाही. इनझोई, म्हणजे सिम्ससारखाच कोरियन गेम, घेतला होता मी २०२५ च्या मार्चमध्ये अर्ली अॅक्सेस (पूर्ण व्हायच्या आधीच विकायला) आला तेव्हा, गाडी स्वतः चालवता येते, रस्ते मस्त, माणसं तर एकदम कोरियन सिरियलमधली. पण दोन तासांनी लक्षात आलं की सगळे देखणे आहेत आणि कोणीच विचित्र नाहीये. सिम्समधला येडेपणा नाही त्यात. शिवाय माझ्या ग्राफिक्स कार्डचा पंखा असा फिरत होता की आईने विचारलं मिक्सर कोणी लावलाय.

फुकट_फौजदार
तुम्ही सगळे रोमँटिक बोलताय, मी हिशोबाचं बोलतो. २०१४ ला ४ आला तेव्हा स्विमिंग पूल नव्हता, तो नोव्हेंबरात दिला. टॉडलर, म्हणजे नुकती चालायला लागलेली पोरं, नव्हते, ते २०१७ च्या जानेवारीत. बाळ म्हणजे पाळण्याला चिकटवलेली वस्तू, पाळण्यातून थेट शाळेत जाणारं पोर, रांगणारं बाळ यायला २०२३ चा मार्च उजाडला. हे सगळं फुकट अपडेटमध्ये दिलं हे मान्य, पण म्हणजे नऊ वर्षं आपण अर्धवट शिजलेला भात खात होतो ना. आणि २०२२ ला बेस गेम, म्हणजे पॅकशिवायचा मूळ गेम, फुकट केला त्याचं कौतुक मला सांगू नका, दुकानात शिरायला तिकीट नाही एवढंच ते. एक मोठा पॅक ४० डॉलरचा, सगळे मूळ भावाने घेतले तर हजार डॉलरच्या वर जातंय.
पावसासाठी पैसे, कुत्र्यासाठी पैसे. पाऊस!! पुढचा कधी आलाच तर पाऊस, पाळीव प्राणी आणि गाडी बेसमध्ये द्या, मग तुमचे खुर्च्या-सोफे विकत बसा.
माझा डोळा पॅरालाइव्हज या सिम्ससारख्याच गेमवर आहे, छोटी टीम आहे आणि पेड डीएलसी, म्हणजे वर पैसे घेऊन पॅक, काढणार नाही म्हणतायत. बघू. लाइफ बाय यू या तसल्याच गेमवर पण डोळा होता, तो २०२४ ला आयत्या वेळी रद्द झाला, त्यामुळे मी आता डोळा ठेवतो, पाकीट नाही.

दूरदेशी_काकू
मी न्यू जर्सीला असते, लेकीबरोबर खेळते, ती अकरा वर्षांची आहे. तिला ऑनलाइन मित्रमैत्रिणींबरोबर खेळायचं आहे म्हणून ती रेनेसारख्या गोष्टींवर खूश असते, मला मात्र नको. माझ्या सिम्सच्या घरात अनोळखी लोक आले तर मी काय खेळणार? मला दिवसभर माणसंच भेटतात. हे माझं एकटीचं बाहुलीघर आहे, त्याला कडी लावता आली पाहिजे. दोन्ही ठेवा म्हणजे भांडण नको.
बाकी २०२१ ला मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून ४ साठी कपड्यांचं किट (छोटा पॅक) आलं होतं तेव्हा लेकीपेक्षा मीच जास्त उड्या मारल्या, कॉलेजात असताना चर्चगेटला उतरून तिथे भाव करायचो ना आम्ही. ते कपडे घालून माझी सिम गेली कुठे, तर तेच अमेरिकन उपनगर! भाव करायची सोय ठेवली असती तर मजा. दोनशेची कुर्ती, ऐंशीला मागायची, पाठ फिरवून चार पावलं जायचं, आणि मागून हाक येते की नाही याचे स्किल पॉइंट.

मीठमसाला
काकू ते भाव करायचं स्किल कसलं भारी आहे, लेव्हल दहाला दुकानदार स्वतः चहा मागवेल.
फौजदार तुमचं पावसाचं पटलं. रॅम_पुरेना, ती म्हातारी मैत्रीण, अगदी हेच म्हणायचं होतं मला, जमलं नव्हतं लिहायला. माझ्याशिवायही काहीतरी घडलं पाहिजे आणि घडलेलं त्यांना लक्षात राहिलं पाहिजे. सिम्स २ मध्ये प्रत्येकाच्या आठवणींची यादी असायची, कोणाबरोबर पकडला गेला, कोणाचं लग्न मोडलं, सगळं. ती मी पोथीसारखी वाचत बसायचे.
चाळ, तुमच्या आजोबांचं काय केलंत शेवटी?

चाळ_नंबर_पाच
मारवेना हो. मॅनेज हाउसहोल्ड या मेन्यूमधून आजी-आजोबांना शेजारचं छोटं घर घेऊन दिलं, धाकटीला मुलगी झाली. आता आजी रोज सकाळी बेल वाजवते, आत येते, कोणाशी न बोलता आमच्या फ्रीजमधलं उरलेलं काढून उभ्या उभ्या खाते आणि भांडं जमिनीवर ठेवून जाते. हे फीचर मात्र त्यांनी काढू नये.