डिस्टिलरी वाढवली तरी साखर कारखाना तोट्यात, अहवालात नेमकं काय बघायचं?

ऊसकरी_सांगली:
नमस्कार मंडळी, आमच्या सहकारी कारखान्याचा वार्षिक अहवाल आलाय, वडिलांपासून सभासद आहोत म्हणून नीट वाचायला बसलो. २०२२ ला डिस्टिलरी (पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल करायचा प्लांट) वाढवली तेव्हा सभेत सांगितलं होतं की साखर पोत्यात पडून राहते, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या तीन आठवड्यांत देतात, उसाचं बिल वेळेवर निघेल. आता इथेनॉलची विक्री वाढलेली दिसतेय पण व्याजाचा आकडा पगारापेक्षा मोठा आणि माझं फेब्रुवारीत तुटलेल्या उसाचं बिल जूनमध्ये आलं. धंदाच तोट्याचा आहे की आमचंच चुकतंय?

मळीची_टाकी:
दादा, आधी डिस्टिलरी किती दिवस चालली ते बघा, बाकी सगळं नंतर. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, आठवड्याभराने १७ लाख टन साखर होईल एवढाच माल इथेनॉलकडे वळवायची सूट दिली. मी तेव्हा शिफ्टला होतो, ऐन गाळपात फर्मेंटर (रस, मळी आंबवायच्या टाक्या) धुवून रिकामे ठेवले होते आणि पोरं नुसती बसून. बंदी उठली ऑगस्ट २०२४ संपताना, पण बँकेचा हप्ता काय थांबला नाही ना.

जमाखर्च:
दराचं पण बघा. रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५.६१ रुपये आणि बी-हेवीच्या (थोडी साखर शिल्लक ठेवलेल्या मळीच्या) इथेनॉलला ६०.७३, हे दर २०२२-२३ पासून तिथेच आणि एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) टनाला ३०५० वरून २०२५-२६ ला ३५५० झाली, ती पण १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण). उतारा ११.२५ धरला तर ३८९६. टनभर उसाच्या रसाचं साधारण ७० लिटर इथेनॉल होतं म्हणजे ४५९३ रुपये. उरले ७०० च्या आत, त्यातच वाफ, केमिकल, पगार, घसारा, व्याज (बगॅस म्हणजे चिपाडावर केलेल्या विजेचे पैसे वेगळे). डिस्टिलरी वर्षभर चालली तरच हे जमतं, निम्मं वर्ष बंद असेल तर व्याजच सगळं खातं.

कृष्णाकाठ:
आणि स्पेंटवॉश म्हणजे डिस्टिलरीचं काळं सांडपाणी विसरू नका. इथेनॉलच्या लिटरमागे आठ-दहा लिटर निघतो, तो जाळायचा इन्सिनरेशन बॉयलर महाग असतो पण तिथे काटकसर केली की ओढ्याला काळं पाणी येतं आणि आमच्या विहिरी जातात, मी हे बघितलंय, त्याची भरपाई कुठल्याच ताळेबंदात नसते. दुसरं म्हणजे २०२५-२६ ला तेल कंपन्यांनी १०५० कोटी लिटर मागितलं तर ऑफर आल्या १७७६ कोटींच्या, त्यात सर्वात मोठा वाटा मक्यापासून केलेल्या इथेनॉलने नेला. मार्च २०२५ ला केंद्राने सहकारी कारखान्यांना मक्यावर पण चालेल असा प्लांट करायला व्याज सवलतीची योजना काढलीय, संचालकांनी अर्ज केलाय का ते सभेत विचाराच. फक्त मका कुठून आणि कुठल्या भावाने आणणार ते आधी, कर्ज नंतर.

ऊसकरी_सांगली:
आत्ता बघितलं, पान ३१ वर बारीक अक्षरात आहे, डिस्टिलरी चालली १४२ दिवस. प्रकल्प मंजूर करताना ३०० सांगितले होते, ते जुनं इतिवृत्त वडिलांच्या ट्रंकेत सापडलं. दोन्ही कागद घेऊन सभेला जातोय, स्पेंटवॉशचं पण विचारतो.