मदत हवी आहे: हे फार विसरायला लागलेत, नागपुरात कुणाला दाखवू?

वर्धेची_लेक: लवकर सांगा, डोकं चालत नाहीये. परवा ह्यांनी गोकुळपेठ बाजारातून सांबार (कोथिंबीर) आणला, पिशवी ठेवली आणि परत निघाले. दिवसभरात तीन जुड्या! विचारलं तर माझ्यावरच खेकसले. काल शंकरनगर चौकातून घरी यायला तास लावला. म्हणे रस्ता बदलला. हाच का तो डिमेन्शिया? मुलाला अजून कळवलं नाही.

संत्राबर्फी: वय? कधीपासून? बीपी, शुगर, गोळ्या? काहीच लिहिलं नाही ताई.

अकोलेकर: माझ्या आईचं हिशेबापासून सुरू झालं, दूधवाल्याला दोनदा पैसे. मेडिकल कॉलेजला डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं. तिनं बाराही आकडे एकाच बाजूला कोंबले. मग 30 मार्कांची तोंडी परीक्षा. तुम्ही घरीच घड्याळ काढून घ्या.

जडीबुटी_जिंदाबाद: ब्राह्मी द्या. रोज पाच भिजवलेले बदाम.

संत्राबर्फी: भाऊ, तुमचे बदाम प्रत्येक धाग्यात असतात. ताई, आधी बी-12 आणि थायरॉइड तपासा. त्यानंही माणूस विसरतो, आणि औषधानं सुधारतो.

अकोलेकर: बी-12 कमी झालं म्हणून कुणी घरचा रस्ता चुकत नाही.

संत्राबर्फी: मी चुकलो होतो रस्ता. पुढे बोला.

वर्धेची_लेक: भांडू नका हो. वय 69, शुगर नाही. स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. हे सगळं पंधरा-वीस दिवसांतलं, त्याआधी पासबुक, वीजबिल तेच बघायचे. डोकं दुखतं म्हणतात, दुपारभर झोपतात. मला वाटलं ऑक्टोबरचं ऊन.

रात्रपाळी: मी नर्स आहे. डिमेन्शिया सहसा असा धावत येत नाही, वर्षं घेतो. दोन-तीन महिन्यांत कुठे पडले का?

वर्धेची_लेक: पडले असं नाही. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल भागात गर्दीत स्कूटर घसरली, डोकं दुभाजकाला लागलं. टेंगूळ आलं, बर्फ लावला. रक्ताचा थेंब नाही. त्याला दीड महिना झाला, त्याचं आता काय?

रात्रपाळी: तेच तर सांगायचं राहिलं होतं! वयानं मेंदू थोडा आकसतो, कवटीत जागा होते. त्यात रक्त पातळ. मार लागला की मेंदूवर रक्त हळूहळू साचत जातं, आठवडेच्या आठवडे कळत नाही. वेळेत काढलं तर माणूस पूर्वीसारखा होऊ शकतो. ओपीडीची वाट बघू नका, आत्ताच कॅज्युअल्टीत जा, सीटी स्कॅन करा. चालताना एक पाय ओढतात का?

जडीबुटी_जिंदाबाद: सीटीचे किरण वाईट असतात.

संत्राबर्फी: गप्प बसा ना जी.

गोकुळपेठी: तीन जुड्या सांबार म्हणजे सांबारवडी होईल मस्त.

वर्धेची_लेक: डावी चप्पल सारखी निघते पायातून. सैल झाली समजून बर्डीवरून नवीन घेऊन दिली, तीही निघते. शेजारचं पोट्टं गाडी काढतंय.

रात्रपाळी: गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. ऑपरेशन लागू शकतं, त्यांना आता काही खायला-प्यायला देऊ नका.

वर्धेची_लेक: चहा झालाय. दोनदा. पहिला घेतलेला आठवत नाही म्हणाले. निघतो.