सात मीटरचा खाजगी मातीचा बांध: धोक्याचा वर्ग कशावरून ठरवायचा?

ओहोळकाठ
समजा, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) वर ओहोळ अडवून मातीचा बांध घातलाय. उंची 7 मीटर, साठा 30,000 घनमीटर. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरवरच्या धरणांना लागतो. 10 ते 15 मीटरमधल्यांना काही अटींवर. म्हणजे हा बांध कायद्याबाहेर. पण फुटला तर? बांध फुटल्यावरच्या पाण्याचा अंदाज देणाऱ्या फ्रोलिकच्या सूत्राने कमाल क्षणिक विसर्ग सुमारे 140 घनमीटर प्रतिसेकंद येतो. पाचशे मीटरवर ओहोळाच्या पात्राशी चार घरं असतील, तर उंची कितीही असो, याला वरच्या धोकावर्गातच टाकायला हवं.

कुळागरकार
साफ असहमत. 140 हा आकडा बांधाच्या तोंडाशी. सगळा साठा सात-आठ मिनिटांत संपतो, पाणी शेतात पसरलं की लाट बसते. उतार अडीचास एक, दगडी पायथा, माथ्यावर झाड नाही, असा धडधाकट बांध ‘अति धोकादायक’ म्हणायचा? सल्लागाराची फी पोफळीच्या पिकातून निघणार नाही. मालक बांधाकडे बघायचंच सोडून देईल आणि तेव्हा तो खरंच फुटेल.

ओहोळकाठ
बाब, वर्ग बांधाची तब्येत सांगत नाही. खाली कोण राहतं, ते सांगतो. तब्येत तपासणीत कळते. आणि सात मिनिटांत संपतं हीच तर भीती! झोपेतल्या माणसाने उठून बाहेर कधी पडायचं? चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 ला रात्रीच फुटलं.

कुळागरकार
मग हे सांगा: बांध आधीचा, पाच वर्षांनी कोणी पात्रात घर बांधलं. वर्ग चढला म्हणून सांडवा (जादा पाणी सोडायची वाट) रुंद करायचा खर्च माझ्या माथी का? पंचायतीने त्या घराला परवाना देतानाच बांधाची नोंद बघायला नको?

सांडवा
हा मुद्दा कुळागरकारांचा बरोबर. पण पाणी परवाना बघत नाही.

सांडव्याचा हिशेब करा. पाणलोट 40 हेक्टर, पाऊस तासाला 100 मिमी, पावसाचं वाहून येणारं पाणी म्हणून गुणांक 0.6 धरला तर 6.7 घनमीटर प्रतिसेकंद येतात. सांडव्यावर 60 सेंमी पाणी चढू दिलं तर रुंदी साडेआठ मीटर लागते. तीन मीटरच्या सांडव्यातून जेमतेम 2.4 जातात, उरलेलं माथ्यावरून. त्यात उन्हाळ्यासाठी पाणी अडवायला सांडव्यात घातलेल्या फळ्या जूनमध्ये काढल्या नाहीत तर बघायलाच नको.

बांध फुटायची दुसरी जागा मोरीचा पाइप, म्हणजे बांधाखालून पाणी सोडायचा पाइप. त्याच्या खालच्या कुशीत माती नीट ठोकली जात नाही, पाणी पाइपाला धरून वाट काढतं. पाइपाच्या बाहेर पडायच्या टोकाकडच्या भागात त्याच्याभोवती वाळूची गाळणी हवी, नुसत्या काँक्रीटच्या कॉलरवर भागत नाही. खेकड्याची बिळं याच वाटेला मिळतात.

पाझर मोजायला पायथ्याशी 90 अंशांची व्ही-खाच (V आकाराची खाच असलेली फळी) बसवा. खाचेत पाणी 5 सेंमी चढलं म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर. तळ्याची पातळी तीच असून आकडा वाढला, किंवा काचेच्या ग्लासात तळाला माती बसली, तर माती आतून वाहतेय. आधी तळं उतरवा, पण दिवसाला हातभरच. एकदम उतरवलं तर पाण्याकडची ओली बाजू घसरते.

कुळागरकार
खाच बसवीन, फळ्याही काढीन. साडेआठ मीटरच्या सांडव्याचा अर्धा खर्च मात्र खालच्या घरमालकाने द्यावा, यावर मी ठाम आहे.

ओहोळकाठ
घर बांधाच्या आधीचं असेल तर?