मदत हवी आहे: दुसऱ्या स्वॅपनं सगळं जागेवर येतं, मग एन्ट्रॉपी ‘निर्माण’ झाली असं कसं म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

परभणीत एम.एस्सी. फिजिक्सला शिकवतो. जिंतूरहून रोज एसटीनं येणाऱ्या एका मुलीनं तासाला एक प्रश्न विचारला आणि मी अडकलो. "सोमवारी सांगतो" म्हणून वेळ मागून घेतलाय.

फळ्यावर अगदी लहान उदाहरण होतं. एक क्यूबिट (तळाची आणि उत्तेजित अशा दोनच ऊर्जा-पातळ्यांची क्वांटम प्रणाली) उत्तेजित अवस्थेत. उष्णतेचा साठा म्हणून तसाच दुसरा क्यूबिट. त्याचं तापमान असं, की तो उत्तेजित सापडायची शक्यता ०.२५. दोघांचा पूर्ण स्वॅप केला, म्हणजे दोघांच्या अवस्थांची अदलाबदल. पहिल्याची एन्ट्रॉपी (अवस्थेतल्या अनिश्चिततेचं माप) ०.५६२ नं वाढली, साठ्यात गेलेली उष्णता भागिले तापमान याचे ०.८२४ (बोल्ट्झमन स्थिरांक १ धरून). बेरीज १.३८६, म्हणजे बरोबर ४ चा नैसर्गिक लॉग. क्लॉसियसच्या हिशेबानं एवढी एन्ट्रॉपी निर्माण झाली.

ती म्हणाली, "सर, तोच स्वॅप पुन्हा केला की दोघंही होते तिथं येतात. मग परत न फिरणारं घडलं काय?"

एस्पोझिटो, लिंडेनबर्ग आणि व्हान डेन ब्रोक यांच्या २०१० च्या सूत्रात या एन्ट्रॉपीचे दोन भाग पडतात: दोघांत तयार झालेला परस्परसंबंध, आणि साठा आपल्या मूळ औष्णिक अवस्थेपासून किती ढळला ते. मी इतकी वर्षं मुलांना पहिलाच भाग सांगत आलो, की संबंध हातातून निसटतात म्हणून प्रक्रिया इरिव्हर्सिबल, म्हणजे परत न फिरणारी. पण पूर्ण स्वॅपनंतर परस्परसंबंध शून्य! सगळे १.३८६ दुसऱ्या भागात. माझं स्पष्टीकरण इथं लागूच होत नाही, आणि हे आधी लक्षात यायला हवं होतं याचं फार वाईट वाटतंय.

आता मला वाटतं ते असं: साठ्याचा क्यूबिट आता शुद्ध उत्तेजित आहे, त्यातून काम काढता येतं. तो पुन्हा साठ्यात सोडून निवू दिला, की के-टी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) गुणिले १.३८६ एवढं काम कायमचं गेलं. ३०० केल्विनला सुमारे ५.७ गुणिले १० चा उणे २१ वा घात ज्यूल. म्हणजे नुकसान स्वॅपमध्ये नाही, त्या क्यूबिटवरचा ताबा सोडण्यात आहे.

हे बरोबर आहे का? असेल, तर ताबा कोणी सोडला यावर ही राशी अवलंबून राहते. मग तिला निसर्गाचा गुण म्हणायचं की आपल्या मर्यादेचं माप? दर टकरीला साठ्यातून नवा क्यूबिट येणारं कोलिजन (टकरींचं) मॉडेल पायथनमध्ये लिहून दाखवलं तर तिला हे पटेल का? कोणी वर्गात हे शिकवलं असेल तर कृपया रविवारपर्यंत लिहा.