मदत हवी आहे: डॅफ्निया (पाण्यातला इवलासा कवचधारी जीव), मासे आणि शेवाळ यांची तुलना कशी करू?

गोड्या पाण्यातल्या जीवांवर प्रदूषकांचा परिणाम, हा माझा एमएस्सीचा प्रकल्प आहे. तुलनेपाशीच गाडी अडली आहे. डॅफ्नियाची चाचणी 48 तासांची, माशांची 96 तासांची, शेवाळाची 72 तासांची. शिवाय माशांत मृत्यू मोजतात, डॅफ्नियात हालचाल थांबणं आणि शेवाळात वाढ मंदावणं. हे आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडणं मला पटत नाही.

मोरचुदाच्या (तांब्याच्या क्षाराच्या) द्रावणातला डॅफ्निया परवा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तळाशी निपचित पडला होता, पण पाठीकडचं इवलंसं हृदय धडधडत होतं. त्याला मेलेला म्हणायला मन धजेना. मृत्यूऐवजी हालचाल का मोजतात, ते तेव्हा उमगलं.

त्यात पाण्याचे गुणधर्म वेगळेच. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील, तर तांब्याचा विषारीपणा कमी होतो, सामू (pH) वाढला की अमोनियाचा वाढतो. शिंपल्यांची पिल्लं तर अमोनियाला फारच नाजूक, तरी बहुतेक तक्त्यांत ती नसतातच!

प्रजातींच्या संवेदनशीलतेचा आलेख (कोणत्या प्रजातीला प्रदूषक किती प्रमाणात बाधतं ते दाखवणारा) काढताना वेगवेगळ्या कालावधींचे आकडे एकत्र घेता येतात का? आणि जडपणा, सामू यांच्यानुसार आकड्यांची दुरुस्ती आधी करायची की नंतर? कुणी हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.