बर्फातून उबदार ठिकाणी आलोय, कढीपत्ता-हळद-भेंडी आता जमिनीत लावू का?

मातीतले_हात:
नमस्कार मंडळी. नऊ वर्षं बर्फाच्या प्रदेशात काढली, तिथे कढीपत्ता वर्षातले सात महिने खिडकीत असायचा. आता जिथे आलोय तिथे हिवाळ्यात रात्री ५-६ डिग्री, एखाद्या पहाटे गवत पांढरं दिसतं एवढंच, आणि घराला चक्क जमीन आहे! कढीपत्ता, हळद, भेंडी, केळ सगळंच लावायचंय. पण गेल्या आठवड्यात उत्साहाने कढीपत्त्याची कुंडी थेट उन्हात ठेवली तर तिसऱ्या दिवशी वरची पानं पांढुरकी, हात लावला तर कागदासारखी कुरकुरीत. खालची हिरवीच आहेत. नऊ वर्षं जपलेलं झाड आहे हो, फार जीव तुटतोय. गेलं का ते? आणि बाकीचं आत्ता लावू की थांबू? वसंत सुरू झालाय, दिवसा २०, रात्री ९-१०.

कोंबवाला:
ताई, झाड गेलेलं नाही, ऊन लागलंय. काचेआड वाढलेल्या पानांना बाहेरचं ऊन सोसत नाही. भाजलेली पानं परत हिरवी होणार नाहीत पण नवी फूट त्या उन्हातच तयार होईल, तिला काही होत नाही. आधी कुंडी सावलीत घ्या, मग सकाळचं तासभर ऊन, दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत न्या, दोन आठवडे तरी द्या.
भेंडीची घाई अजिबात नको. हवा २० झाली म्हणून माती तापली असं नसतं. थर्मामीटर सकाळी बोटभर खोल मातीत खुपसून बघा, रोज १८-२० च्या वर यायला लागलं की पेरा, नाहीतर बी फुगतं आणि तिथेच कुजतं. आणि भेंडीला मुळं हलवलेली आवडत नाहीत, थेट जागेवरच पेरा.
हळदीचं उलट, ती आत्ताच घरात सुरू करा. तिला आठ-नऊ महिने लागतात, माती तापायची वाट बघत बसलात तर गड्डे भरायच्या आत थंडी येते. ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) उबेला ठेवा, कोंब वीतभर झाले आणि रात्री गरम झाल्या की बाहेर.

परसदार:
वरचं सगळं बरोबर, फक्त एक ठासून सांगते, कढीपत्ता थंडीने मरतो त्यापेक्षा थंडीतल्या पाण्याने जास्त मरतो. पारा १० च्या आसपास आला की तो झोपतो, पानं पिवळी पडून गळतात, आपल्याला वाटतं तहानलाय आणि आपण पाणी घालतो, आणि गार ओल्या मातीत मुळं सडतात. माझं पहिलं झाड मी असंच घालवलं. दुसऱ्या वर्षी पाणी जवळजवळ बंद ठेवलं, झाडाची नुसती काठी राहिली, तरी नखाने साल जरा खरवडली की आत हिरवं दिसायचं. वसंत अर्धा सरल्यावर बुंध्यापासून फुटवे आले. साल हिरवी आहे तोवर उपटू नका, हात जोडून सांगते.

मातीतले_हात:
किती बरं वाटलं तुम्हा दोघांचं वाचून! नख लावून पाहिलं, हिरवं आहे!! थर्मामीटर खुपसला तर सकाळी १२, म्हणजे भेंडी राहू दे. कढीपत्ता मग जमिनीत की कुंडीतच?

कोंबवाला:
पहिला हिवाळा कुंडीतच काढा, गवत पांढरं होतं त्या रात्री आत उचलून आणता येईल. तोवर घराभोवती फिरून जागा हेरा. गार हवा जड असते, उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते, तिथे काहीच नाजूक लावू नका. उत्तर गोलार्धात असाल तर दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत बघा, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडची, दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडत राहते.
केळ लावा खुशाल. वरचं पान-खोड काळं पडलं तरी जमिनीतला कंद जाड आच्छादनाखाली सहसा वाचतो. घडाची मात्र खात्री नाही, लावल्यापासून वर्षभर तरी लागतं आणि मध्येच थंडीत वाढ थांबते.

वेलीवर:
वालाचा विचार असेल तर जाती बघून बी घ्या. जुन्या बऱ्याच जातींना दिवस लहान झाल्याशिवाय फूलच येत नाही. माझा वेल उन्हाळाभर मांडवावर नुसता पसरला, फुलं आली आणि पाठोपाठ थंडी.

मातीतले_हात:
अरे बापरे, वालाचं बी भिजत घातलंय आत्ताच! जात माहीत नाही, तरी एका कोपऱ्यात लावून बघते. भिंत सापडलीये, दुपारी हात लावला तर छान गरम. कढीपत्ता पुढच्या वर्षी तिच्यापासून किती अंतरावर लावू?

परसदार:
दोन-तीन फूट सोडा. आणि छपराचं पाणी पडतं ती रेघ टाळा, हिवाळ्यात तिथे माती कायम ओली राहते.