सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

जीपच्या डिफरन्शियलचं (ॲक्सलमधल्या, चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल पाणी शिरून दुधाळ झालं म्हणजे ॲक्सलचं रबरी सील गेलं, असं म्हणतात ते निम्मंच खरं. सील बदलूनही पुढच्या पावसाळ्यात तेच होत असेल तर ब्रीदर, म्हणजे ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जायची वाट, तपासा. ॲक्सलच्या वरच्या अंगाला त्याची छोटीशी टोपी असते, आणि आपल्या त्र्यंबक-घोटीकडच्या चिखलाने ती पार बुजते. रस्त्यावर तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद, मग पाणी सीलच्या कडेने ओढलं जातं. सील नवं असलं तरी!

माझ्या महिंद्राच्या एमएम ५४० जीपला मी ती टोपी काढून रबरी नळी वर चॅसीपर्यंत नेलीये, टोक खाली वळवून. नळीला ढील मात्र ठेवा, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) उसळीत ताणून निघते. पाणी शिरलंय का हे ऑइल दुधाळ व्हायच्या आधीच कळतं: गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी ड्रेन प्लग (ऑइल काढायचं खालचं बूच) जरासा सैल करायचा. पाणी जड, ते आधी ठिबकतं. पण त्याआधी फिलर प्लग (ऑइल भरायचं बूच) सुटतोय ना ते बघा. जुन्या गाड्यांत तो हमखास जाम असतो, आणि ऑइल काढून टाकल्यावर ते कळलं तर नवं भरता येत नाही आणि गाडी जागची हलत नाही.